भर उन्हाळ्यातली भरलेली नदी

अक्का,

काल तुमच्या अस्थी चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर सोडल्या. तुमच्या चोपड्याकडे मे महिन्यात तापीत पाणी कुठलं? खडक आणि मधे मधे डोह. संजू म्हणाला, "आईला डबक्यात नाही सोडायचं मामी. जिथे नदी भरलेली असेल तिथे नेऊ." म्हणून मुक्ताईनगरच्या पुढे, धरणाचं पाणी जिथवर फुगतं तिथवर आलो. होडीवाला म्हणाला, "मधी बसा माय, काठावर नका बसू." मी मधे बसले. तुम्ही संजूच्या मांडीवर होतात.

तिथे संजू जे बोलला त्यासाठी हा कागद घेतला आहे. पण ते त्याच्या जागी येईल. सगळं क्रमाने सांगायच्या माझ्या सवयीला तुम्ही 'मास्तरकी' म्हणायचात. पुन्हा म्हणा.

हे कॅनडात मीरा आणि अर्णवही वाचणार आहेत. माझी नातवंडं. तुम्हाला ती 'मोठी आजी' म्हणायची आणि फोनवर तुमचं अर्धं बोलणं त्यांना कळायचं नाही. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी मधून मधून सांगणार आहे. तुम्ही माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे माझी नणंद. मी जळगावात मेहरूणला राहणारी, शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेली. तुम्ही चोपड्याला, ऐन तरुणपणी एकट्या पडलेल्या, केळी आणि कापूस स्वतःच्या हिमतीवर पिकवणाऱ्या. माझं लग्न होऊन मी घरात आले तेव्हा तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणालात, "हाई तं मास्तरीण शे." मग नाव कधी घेतलंच नाहीत. नवरा गेला, सासर-माहेरचे बाकी सगळे गेले, तरी मी मास्तरीणच राहिले.

तीन उन्हाळ्यांपूर्वी तुम्ही डोळे तपासायला जळगावला आला होतात. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा दिसत नव्हता. मी टीव्हीवर इजिप्तचा कार्यक्रम पाहत होते. वाळू, दगडी देवळं, आणि मधून निळी, काठोकाठ नदी. तुम्ही डोळ्यांतल्या थेंबांमुळे अर्धवट मिटलेल्या नजरेने विचारलंत, "आठे ऊन नही का?"

"आपल्यासारखंच आहे अक्का. पाऊस तर जवळपास नाहीच."

"मंग हाई नदी भरेल कशी?"

मी नाईल नदीचा भूगोल सांगितला. दूरचा पाऊस, मोठी सरोवरं, धरण. तुम्ही तो ऐकला नाहीत. ऐकून घेतल्यासारखं केलंत आणि म्हणालात, "माले देखनी शे."

तुम्ही शेगावच्या पुढे कधी गेला नव्हतात. पासपोर्ट काढताना फोटोवाल्याने पदर मागे घ्यायला सांगितलं तेव्हा तुम्ही त्याला विचारलंत की तुझ्या आईचा फोटो तू असाच काढतोस का. सगळ्यात कठीण संजू. तुमचा एकुलता मुलगा, एरवी शांत. पण त्या वेळी माझ्या घरी येऊन दारातच उभा राहिला. "मामी, आईचं वय काय, छातीचा त्रास काय, आणि तुम्ही तिला परदेशात नेता? तेही उन्हाळ्यात? तिकडे तिला काही झालं तर?" सहल उन्हाळ्यातच स्वस्त होती, आणि तुम्हाला उन्हाळ्यातलीच नदी पाहायची होती. मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "संजू, मी शब्द देते. तुझ्या आईला जशी नेईन तशी परत आणीन."

तो शब्द पुढचे सगळे दिवस माझ्या छातीवर बसला होता. तुम्हाला तो कधी दिसला नाही, असं मला वाटत होतं.

इजिप्तमध्ये लक्सरला बोटीवर चढलो तेव्हा तुम्ही आधी नदीला हात जोडलेत आणि मग विचारलंत, "हाई नदी कथा जास?" उत्तरेला जाते असं सांगितलं. तुम्ही दिशा पाहिलीत, मान हलवलीत. "आपली तापीबी तशीच. बठ्ठ्या नद्या उगवतीले जातीस, हाई एकटी मावळतीले." सगळ्या नद्यांहून वेगळ्या वाटेने जाणारी नाईल तुम्हाला तिथेच पटली.

आपल्या सहलीतली माणसं देवळं पाहायला आली होती. मीसुद्धा. आठ-आठ माणसांच्या कवेत न मावणारे खांब, त्यांच्यावर कोरलेले पक्षी, हजारो वर्षांपूर्वीचा रंग अजून निळा. मी तुम्हाला एकेक गोष्ट मराठीत करून सांगत होते आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून पलीकडे काठावरचा गहू पाहत होतात. राजांच्या थडग्यांपाशी मात्र तुम्ही नीट थांबलात. आत उतरलात, वर आलात, पदराने घाम पुसलात.

"मरेल मानूसले एवढं घर," तुम्ही म्हणालात. "आनि ज्यासनी बांधं, त्या कथा राहेत?"

बांधणारे मजूर कुठे राहत याचं उत्तर मला माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं, सांगितलंही. मग आपला जो वाद सुरू झाला तो बोटीवर परत येईपर्यंत चालला. माझं म्हणणं, माणूस मागे काहीतरी ठेवून जातो म्हणून आपल्याला कळतं की तो होता. तुमचं म्हणणं, ठेवायचंच तर पिकणारं ठेवावं. दगड ठेवून काय होतं. आपण हा वाद पुढे चोपड्याला ओसरीवर, माझ्याकडे गॅलरीत, फोनवर, कितीदा केला. तो संपला नाही. आता माझ्याच बाजूने मी एकटी बोलत राहिले तर त्यात मजा नाही.

मुलांनो, मोठ्या आजीची केळीच्या बागेतली गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. लक्सरजवळ नदीत एक बेट आहे, सगळं केळीचं. तिथे पर्यटकांना केळी खायला देतात. आम्ही सगळे खात होतो आणि अक्का बागेत शिरल्या. खोडाला हात लावून, वाकून, बुंध्याशी फुटलेली पिलं मोजायला लागल्या. आपल्याकडे त्यांना मुनवे म्हणतात. ते वेळेवर कापले नाहीत तर मूळ झाडाचा घड बारीक राहतो. बागेचा मालक कौतुकाने जवळ आला. अक्का मला म्हणाल्या, "त्याले सांग, मुनवे काढत नही का रे भो? आळशी शेस का? असा घड आमना कडे बकरीबी खावाव नही."

मी त्याला इंग्रजीत सांगितलं, बाग फार सुंदर आहे असं त्या म्हणतात.

"एवढंच?" तुम्ही, अक्का, माझ्याकडे पाहिलंत. "मी तर भलतं लांब बोलनी."

आणि मग तुम्ही खाली बसून कंबरेचा चाकू काढलात. तो विमानातून आला कसा हे मला आजही माहीत नाही. सामानात टाकला असणार. एक मुनवा मुळाशी तिरका छाटून त्या माणसाला दाखवलात. तो हसला, मग हसायचा थांबला, मग त्याने आपल्या भावाला हाक मारली. तुम्ही तिघं पाऊण तास त्या बागेत होतात. सगळी सहल होडीत बसून तुमची वाट पाहत होती आणि मी सगळ्यांची माफी मागत होते.

आता एकादशी.

सहलीच्या मधेच एकादशी आली. तुम्ही माझ्यापेक्षा कडक. दिवस मावळेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. पण तुम्हाला शंका आली की इथे दिवस आपल्यापेक्षा उशिरा उगवतो, तर एकादशी आपल्या सूर्याची धरायची की त्यांच्या? मी म्हटलं, "अक्का, तिथी आपल्या गावची." तुम्ही म्हणालात, "देव बठ्ठीकडे शे ना? मंग त्याना इकडला हिसाब इकडे." यावर तुम्ही जो तोडगा काढलात तो चोपड्याच्या बाहेर कोणाला सुचला नसता. दोन्ही धरायच्या. एक दिवस तिकडची, एक दिवस इकडची.

मी पाण्याची बाटली घेऊन मागे लागले. तुम्ही हाताने बाजूला सारत राहिलात. "माले नको शिकाडू. आम्ही खान्देशना. आपल्याले ऊन काय नवं शे?" यातली चूक मला पुढे समजली. आपल्याकडच्या प्रत्येकाला वाटतं, उन्हाची परीक्षा आपण जन्मतःच पास झालो आहोत. पण घरी आपण दुपारी बाहेर पडत नाही. घरी माठ आहे, कैरीचं पन्हं आहे, डोक्याला ओला पंचा आहे, निंबाची सावली आहे. त्या सगळ्याला आपण ऊन सोसणं म्हणतो. इथे तुम्ही रिकाम्या पोटी, कोरड्या घशाने, भर उन्हात एडफूच्या देवळाचं अंगण ओलांडत होतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बोट आस्वानकडे चालली असताना, तुम्ही वरच्या डेकवर खुर्चीतून उठलात आणि तशाच खाली बसलात. चेहरा राखेसारखा. अंग भट्टीसारखं, आणि घामाचा थेंब नाही.

बोटीवरच्या डॉक्टरने सलाईन लावलं. खोलीत पडदे ओढले. मी ओल्या टॉवेलने तुमचे तळपाय पुसत होते. कांदा मागितला, तोही मिळाला, किसून तळपायांना चोळला. डॉक्टर नुसता बघत राहिला. थोड्या वेळाने तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं, पाणी मागाल.

"मास्तरीण."

"बोलू नका अक्का."

"मी आठेच गई ना, तर माले पेटीमा घाली विमानमा नको नेऊ. हाई नदीमा सोडी दे."

"काहीही बोलू नका."

"काब्र नको? भरेल नदी शे. माले आवडनी."

"अक्का, ही आपली नदी नाही."

"नदी काय कोनी व्हस?"

मी शिक्षिका आहे. सलाईन लावलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो हे मला समजतं. तरी मी घातला. "तुमची राख तापीत जाणार, आणि अजून पुष्कळ वर्षांनी जाणार. संजूला मी शब्द दिलाय. तुम्हाला परत नेल्याशिवाय मी त्याला तोंड दाखवणार नाही. तुम्हाला इथे राहायचं तर तुम्ही राहा, पण मग मलाही इथेच राहावं लागेल. आणि माझी साडी धुणार कोण, तुम्ही?"

तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत. मग डोळे मिटून म्हणालात, "तोंड दखाडाले काय झाये तुले? चांगलं तं शे." एवढ्या अवस्थेत तुम्ही मला टोमणा मारलात तेव्हा मला वाटलं, आता बाई जगतेय.

तरी तुम्ही पाणी पीत नव्हतात. उपास सुटला नव्हता म्हणे. सलाईन चालतं, ते तोंडातून जात नाही. पाणी चालत नाही. असा कायदा कोणत्या पोथीत आहे, हे विचारायची मला ताकद नव्हती. तेवढ्यात बोटीवरचा वेटर काचेच्या ग्लासात लाल सरबत घेऊन आला. त्यांच्याकडे सगळ्या पाहुण्यांना तेच देतात. तुम्ही वास घेतलात. उठून बसलात.

"हाई तं आंबाडी शे!"

होतीच. आपण जिची भाजी करतो त्या अंबाडीचीच लाल बहीण. फुलांच्या बोंडांचं सरबत. शेताच्या बांधावरची ओळखीची वस्तू इतक्या दूर भेटल्यावर तुम्ही एकादशी, तिथी, सूर्य, सगळं बाजूला ठेवून दोन ग्लास प्यायलात. वेटरला तुमच्या भाषेत विचारलंत की बी मिळेल का. त्याला कळलं नाही. मला कळलं, पण मी भाषांतर केलं नाही, कारण मी तोंड फिरवून खिडकीतून बाहेर पाहत होते. काठावर खजुरांची झाडं, मागे पिवळा डोंगर, एक पडकं देऊळ. त्यातलं मला काहीच दिसत नव्हतं.

चार दिवसांनी आपण जळगाव स्टेशनवर उतरलो. संजू फलाटावर होता. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "तुन्या मामीले ऊन लागनं तठे. पडी गयी. मीच संभाळं तिले."

मी थक्क होऊन उभी राहिले. तुम्ही माझ्या हातात हात घालून, दोन बोटांनी मला चिमटा काढत होतात. संजूने माझ्याकडे पाहिलं. "मामी, तुम्ही?" मी म्हटलं, "हो रे. थोडं झालं." त्यानंतर तीन वर्षं मी तुमच्या गल्लीत उन्हाने पडलेली मास्तरीण होते. तुमच्या घरी आले की शेजारणी मला सावलीत बसवायच्या. तुम्ही त्यांना सांगायचात, "जीव नाजूक शे तिना, शहरना." आणि माझ्यासमोर सांगायचात. एक अक्षर चुकत नव्हतं. पुढे पुढे तर मी कोणत्या खुर्चीतून पडले तेही तुम्ही सांगायला लागलात.

ते मला चाललं. पण त्या दिवसाची भीती माझ्यातून गेली नाही. तुम्हाला साधा खोकला झाला तरी मला वाटायचं, हे त्या बोटीमुळे. छातीचे डॉक्टर 'आता वयच झालं' म्हणाले तरी मी मनात मागे मागे जाऊन त्याच दुपारी पोचायची. मी नेलं नसतं तर? तुम्हाला विचारायचं धाडस नव्हतं. संजूला तर अजिबातच नाही. मी फक्त दर आठवड्याला फोन करायची, पाणी प्यालात का विचारायची, आणि तुम्ही ओरडायचात, "व माय, तू मना मागे का लागेल शे?"

मागच्या आठवड्यात तुम्ही सकाळचा चहा घेतलात, केळीत पाणी सोडायला माणसं गेली की नाही विचारलंत, आणि खाटेवर आडव्या झालात. उठला नाहीत. चेहरा शांत होता. मला सांगताना संजू रडत होता आणि मी, खरं सांगते अक्का, आधी एवढंच म्हटलं, "घरी. घरी गेल्या ना?" स्वतःच्या खाटेवर, स्वतःच्या शेताच्या वासात, मुलाच्या हाकेच्या अंतरावर. शब्द पाळला गेला होता. एवढा हलका श्वास मी कित्येक महिन्यांत घेतला नव्हता, आणि तुमच्या मरणाच्या बातमीवर तो घेतला म्हणून मग मी फार रडले.

आता कालचं. अस्थी सोडल्या. पाणी सांजेच्या रंगाचं नव्हतं, काही काव्य नव्हतं. भर दुपारची पांढरी चमक होती. होडी किनाऱ्याला लागली. वर चांगदेवाचं काळ्या दगडाचं जुनं देऊळ. आम्ही त्याच्या सावलीत पायऱ्यांवर बसलो. संजूने ओलं धोतर पिळलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मामी, तिकडे आई पडली होती ना? तुम्ही नाही."

मी पायाला लागलेला ओला चिखल पुसायला लागले.

"तिच्या हातावर सुईची खूण होती. मी स्टेशनवरच पाहिली."

"मग तू काही बोलला का नाहीस?"

"आईनं इजिप्तला जाण्याच्या आदल्या दिवशीच माझी बोलती बंद केली होती." आणि त्याने तुमचा आवाज काढला, अगदी हुबेहूब. "'मी परत नही उनी, ते मामीले एक शब्दबी बोलजो नको. माले कोनी नेत नही. मीच जाई राह्यनी.'"

म्हणजे माझ्या शब्दाचं ओझं तुम्ही निघायच्या आधीच उतरवून ठेवलं होतं. मी ते विनाकारण तीन वर्षं वाहिलं. मला राग आला, अक्का. देवळाच्या पायरीवर, तुमच्या अस्थी सोडून पाव तास झाला नव्हता, आणि मला तुमचा सणसणीत राग आला.

"मला का नाही सांगितलंस? मी रोज मरत होते."

संजूने धोतराचा सोगा पुन्हा पिळला. मग म्हणाला, "सांगणार होतो. आईनंच नको म्हटलं. म्हणे, 'कोनी मनी काळजी करस ते माले बरं वाटस. तुना बाप गया तैपासून कोनी करी नही. करू दे तिले.'"

तुमच्या ऐन तारुण्यात तुमचे यजमान गेले. तेव्हापासून तुम्ही सगळ्यांचं पाहत आलात. मुलाचं, भावाचं, गड्यांचं, केळीचं. त्या सगळ्या वर्षांत तुम्ही कधी आजारी पडल्याचंसुद्धा आम्हाला आठवत नाही, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. आणि दर रविवारी फोन वाजला की तुम्ही ओरडायच्या तयारीने धावत यायचात. संजू म्हणाला, फोन उशिरा आला तर त्याला विचारायचात, लाईन गयी का?

मी त्या पायरीवर हसायला लागले. जवळ दुसऱ्या कुटुंबाचा विधी चालला होता, त्यांनी वळून पाहिलं. मी पदर तोंडाला लावला, तरी थांबेना. संजू आधी घाबरला, मग तोही हसला, मग आम्ही दोघं डोळे पुसत बसलो.

मग मला भूक लागली. तुम्ही गेल्यापासून मला घास गिळवत नव्हता. संजूची बायको रोज ताट समोर ठेवायची आणि रोज तसंच उचलायची. काल तिनेच भाकरी आणि मुगाचं वरण बांधून दिलं होतं. निंबाखाली फडकं पसरलं, संजूने भाकरी मोडून माझ्या पुढे ठेवली. मी दीड भाकरी खाल्ली, अक्का, वर त्याच्या वाटणीतलं वरणही. आणि पोटभर पाणी प्यायले.